बोनेअरच्या मिठागरांतील झोपड्या

व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यासमोर, कॅरिबियन समुद्रात बोनेअर नावाचे छोटे बेट आहे. 2010 पासून ते नेदरलँड्सचा भाग म्हणून चालते. जहाजावरील नोकरीमुळे आम्हांला ते पाहण्याची संधी मिळाली.

बेट कोरडे ठणठणीत. पाऊस बेताचाच. निवडुंगाची कुंपणे, मोकाट फिरणारी गाढवे आणि अंगावर सतत येणारा वारा. पिण्याचे पाणीसुद्धा समुद्राचे पाणी गोडे करूनच मिळते. समुद्र मात्र असा नितळ, की काठावरून मासे दिसावेत. पाण्याखालची प्रवाळे पाहायला जगभरचे पर्यटक येतात. 1979 पासून हा समुद्र संरक्षित आहे. पर्यटकांची माहितीपत्रके बहुधा इथेच संपतात!

आम्ही दक्षिणेकडे गेलो. तिकडे मिठागरे आहेत. आजही तिथे मीठ पिकते, त्याचे पांढरेशुभ्र ढीग दुरून दिसतात. कडेच्या पाण्यात फ्लेमिंगो उभे असतात. आणि समुद्राच्या अगदी काठाला दगडी झोपड्यांची रांग. छत माणसाच्या खांद्याला लागेल एवढे खाली, दार त्याहून ठेंगणे. आम्ही गुडघ्यांवर रांगत आत गेलो. आत ताठ उभे राहता येत नाही. 1850 च्या सुमारास डच सरकारने या झोपड्या मिठागरांवर राबणाऱ्या गुलामांसाठी बांधल्या. आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांची ही लेकरे-नातवंडे. त्यांचा मालक कोणी सावकार नव्हता, खुद्द सरकार होते.

जवळच उंच दगडी मनोरा आहे. कोणत्या मिठागराशी जहाज लावून मीठ भरायचे, हे खलाशांना कळावे म्हणून असे वेगवेगळ्या रंगांचे मनोरे उभारले होते. जहाजांसाठी उंच मनोरा, माणसांसाठी गुडघ्याएवढे दार!

या गुलामांची बायका-मुले उत्तरेला, रिंकॉन गावात असत. आठवडा संपला की माणसे चालत घरी जात. वाट सुमारे सात तासांची. पुन्हा तेवढेच चालून कामावर हजर.

1 जुलै 1863 रोजी डच वसाहतींतील गुलामगिरी कायद्याने संपली. नेदरलँड्सच्या राजाने त्याबद्दल माफी मागितली ती 1 जुलै 2023 रोजी. मध्ये बरोबर 160 वर्षे गेली.

रिंकॉनला आम्ही मोटारीने गेलो, तासाच्या आतच पोहोचलो. डोंगरांमधले शांत गाव. ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या बाई त्यांच्या पापियामेंतू भाषेत आम्हांला काही विचारत होत्या. आम्ही मिठागरांकडे हात केला. त्यांनी मान हलवली आणि बसायला जागा करून दिली.