जोडाची कडा

वाशिमकडच्या जऊळक्याच्या शिवारात चाकातल्या हवेचा पहिला वैरी बाभळीचा काटा आणि दुसरा तुरीचं धसकट. तूर कापताना विळा तिरका चालतो, खुंटाला टोक राहतं, आणि ते वाळलं की टायरच्या बाजूत सरळ शिरतं. पांदणीतून सोयाबीनची पोती वाहणाऱ्या जुन्या तीनचाकीला हे दोन्ही रोज भेटतात. त्यामुळे माझ्या दुकानात येणारी तरुण पोरं एकच मागणी करतात, "काका, थे ट्यूब काहाडूनच टाका ना एकदाची. जोडात सिलिकॉन भरा अन् हवा मारा."

मागणीत तथ्य आहे. ट्यूबला काटा लागला की हवा बघता बघता निघून जाते आणि गाडी वावरातच बसते. ट्यूबलेस टायरमध्ये तोच काटा रबरात रुतून राहतो, हवा सावकाश उतरते, माणूस घरी पोचतो. अडचण आहे ती रिमची. जुन्या तीनचाकीची रिम दोन भागांची, नटांनी आवळलेली. हवा धरण्याचं जे काम आजवर ट्यूब करत होती, ते आता पत्र्याच्या दोन कडांनी करायचं.

ही रिम आपल्याकडे व्हेस्पाच्या घराण्यातून आली. इटलीत १९४६ साली पियाज्जोची व्हेस्पा निघाली. ती आखणारा कोर्रादिनो दास्कानियो हा मूळचा हेलिकॉप्टर बनवणारा अभियंता. विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलेलं चाक त्याने स्कूटरला दिलं. स्कूटरच्या लहान रिमवर कडक टायर टॉमीने चढवणं म्हणजे हातांची परीक्षा. रिम दोन भागांची असली की टायर मध्ये ठेवायचा आणि दोन्हीकडून भाग लावून नट आवळायचे. बजाजला स्कूटर आणि तीनचाकी बनवायचा परवाना १९५९ मध्ये मिळाला, पियाज्जोशी करार झाला. पुढे १९७२ ला चेतक आली, १९७७ ला मागे इंजिन असलेली ऑटो आली, आणि ही रिम गावोगाव पोचली. ऑटोचा चार-आठ मापाचा टायर आजही तिच्यावरच बसतो.

दोन भागांच्या रिममध्ये हवा राहूच शकत नाही, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. ते खरं नाही. मोठ्या विमानांची चाकं दोन भागांचीच असतात, त्यांत ट्यूब नसते, आणि जोडात ओ-रिंग असते. होंडाने १९७० मध्ये अमेरिकेत तीन चाकांची, फुगीर टायरांची रानगाडी काढली. त्या घराण्यातल्या जुन्या गाड्यांच्या रिमही दोन भागांच्या, मध्ये रबरी रिंग. त्या टायरांत हवा जेमतेम दोन-सव्वादोन पौंड. इतक्या कमी हवेत गळती किती महाग पडते, ते हिशोबानेच कळतं. उन्हात तापलेल्या टायरमध्ये सव्वादोन पौंड भरले आणि पहाटे तापमान वीस अंशांनी उतरलं, तर कुठेही न गळता मापावर जवळपास निम्मीच हवा दिसते. मग खरी गळती कोणती आणि थंडीची कोणती, हे ओळखायला जोडाबद्दल पक्की खात्री लागते.

ओ-रिंगचं काम कसं चालतं ते पाहिलं की सगळं उलगडतं. रिंग एका खाचेत बसते. खाच रिंगच्या जाडीपेक्षा थोडी उथळ असते. नट आवळले की धातूला धातू टेकतो आणि रिंग ठरलेल्या मापाइतकीच दबते. वजन धातू पेलतो, रबर फक्त हवा अडवतं. आमच्या दाबून काढलेल्या पत्र्याच्या रिमला ती खाच नाही. म्हणून सपाट कडेवर सिलिकॉनचा पातळ थर द्यायचा. तिथेही नियम तोच: कडा कडेला टेकली पाहिजे, सिलिकॉनने फक्त उरलेली बारीक फट भरायची. करंजीच्या कडेला दुधाचं बोट लावतात, पण पारी नीट लाटलेली नसेल तर ती तेलात उघडतेच.

त्यामुळे माझा सगळा वेळ कडेवर जातो. आधी तारेचा ब्रश, मग गंज खरवडणं. काळ्या मातीचं पाणी जोडात शिरून बसतं आणि गंज आतून पत्रा खातो. वरून रंग शाबूत दिसतो. खड्डे खोल असतील, पत्रा पातळ झाला असेल, तर ती रिम भंगारात, तिथे दयामाया नाही. बारीक खड्डे एपॉक्सीने भरतो. रिमच्या एका भागाला नट बसवायचे स्टड असतात. स्टड नसलेला भाग जाड काचेवर पॉलिश पेपर पसरून त्यावर गोल फिरवतो. उंच जागा चमकतात, खोल जागा काळ्याच राहतात. सगळीकडे सारखी चमक येईपर्यंत फिरवायचं. स्टडवाला भाग असा फिरवता येत नाही. त्याला पोलादी पट्टी लावून, फीलर गेज घालून बघायचं आणि कानशीने हळूहळू उतरवायचं. हे काम घाईत असलेल्या हाताचं नाही.

रंगाबद्दल वाद होतात. रिमला आतून-बाहेरून प्रायमर हवाच, वेल्डिंगच्या सुईएवढ्या भोकांवर तर हवाच हवा. पण जोडाच्या कडेवर आणि नटाखाली जाड रंग नको. तो दाबाखाली चेपतो, आणि तो चेपला तेवढा नट सैल होतो.

सिलिकॉन घेताना वास घ्यावा. आंबट, व्हिनेगरसारखा वास मारणारं सिलिकॉन सुकताना ॲसिड सोडतं आणि उघड्या लोखंडाला गंज आणतं. बिनवासाचं, न्यूट्रल लिहिलेलं घ्यावं. ते हवेतल्या ओलाव्याने सुकतं, म्हणून वाशिमकडच्या कोरड्या मे महिन्यात त्याला जास्त वेळ लागतो आणि पावसाळ्यात कमी. ऊन दाखवून ते लवकर सुकेल, या समजुतीचा उपयोग नाही. नट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत जायचे, आणि चाक रात्रभर तसंच ठेवायचं.

वॉलचं भोक हा निराळा विषय आहे. ट्यूबच्या वॉलसाठी पाडलेलं भोक ट्यूबलेसच्या रबरी वॉलला चालत नाही. त्याला साडेअकरा मिलिमीटरच्या आसपासचं, गोल, धार मोडलेलं भोक लागतं. लांबट भोक असेल तर तिथे पत्रा लावून नवं पाडावं लागतं.

मग पाण्याची टाकी. बुडबुडा जिथून येतो तिथेच चूक असेल असं नाही. हवा आत एका जागी वाट काढते, जोडाच्या आतून फिरते आणि भलत्याच स्टडापाशी बाहेर पडते. बाहेर खडूची खूण करायची, रिम उघडायची आणि सिलिकॉनच्या थरावर तिची वाट शोधायची. हे शोधणं मला या कामात सगळ्यात प्रिय आहे.

रिम उघडण्याआधी वॉलची पिन काढायची. यात सूट नाही, टायर चपटा दिसत असला तरी नाही. या चाकाला दोन प्रकारचे नट असतात: चाक ड्रमला धरणारे आणि रिमचे दोन भाग एकत्र धरणारे. हवा भरलेली असताना दुसरे सोडले तर रिमचा अर्धा भाग तोंडावर येतो. टायर बसत नाही म्हणून पेट्रोल शिंपडून काडी लावणारेही आहेत. माझ्या दुकानात ते होत नाही. टायरभोवती दोर बांधून टॉमीने पिळला की मधला भाग दबतो, कडा रिमला टेकतात आणि हवा धरते.

एवढं सगळं जमत असूनही सवारी ऑटोची ट्यूब मी काढत नाही. ट्यूबलेससाठी बनवलेल्या रिमवर टायरच्या कडेला अडवणारा एक बारीक उंचवटा असतो. या जुन्या रिमवर तो नाही. हवा कमी झालेली असताना वळणावर टायरची कडा आत सरकली, तर सगळी हवा एका क्षणात जाते. वावरात माणसाच्या चालीने फिरणाऱ्या गाडीचं त्याने फार बिघडत नाही. मालेगावच्या रस्त्यावर शाळेची लेकरं बसलेल्या ऑटोचं बिघडतं. पोरं नाराज होतात, दुसरीकडे करून घेऊ म्हणतात. त्यांना मी रिमवर बोट ठेवून तो नसलेला उंचवटा दाखवतो, त्यांच्या ऑटोत नवी ट्यूब घालतो आणि त्याआधी जोडाची कडा तितकीच घासून देतो, कारण खडबडीत जोडात ट्यूब चिमटते आणि काट्याशिवायच पंक्चर होते.

शेतातल्या गाडीचं चाक मात्र करून देतो. पहिली भरलेली खेप झाली की नट पुन्हा बघायला गाडी आणा, असं सांगूनच देतो.