आईचा बंब

आमच्या घरातला बंब तांब्याचा की पितळेचा, यावर आई आणि आण्णा जन्मभर भांडले. बंब आईच्या माहेरचा. लग्नात तिच्या बापानं दिलेला. आई म्हणायची, "अस्सल तांब्याचा हाय." आण्णा चिलीम झाडत म्हणायचे, "तुज्या बापानं पितळ दिलं आन् तांबं सांगितलं." आई गप्प बसायची, पण त्या दिवशी भाकरी जरा जोरात थापायची.

बहात्तरच्या दुष्काळात घरातली घागर, हंडे, परात, सगळं मोडीत गेलं. बंब तेवढा आईनं जाऊ दिला नाही. सुकडी खाल्ली, खडी फोडली, पण बंब ठेवला. मोठा झाल्यावर मीही आण्णांच्या बाजूनं बोलायला लागलो. चार बुकं शिकलेलो ना!

आई जाऊन तीन वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात विहिरीवरची मोटर जळाली. हातात पैसा नव्हता, म्हणून बंब काढला. मोडवाल्यानं खालच्या कडीवर कानस मारली. "बघा दादा, पिवळं. पितळंच हाय." पितळेचा भाव तांब्यापेक्षा बराच कमी. मला पैशाचं वाईट वाटलं, त्याहून आईचं वाटलं. म्हटलं, "उद्या ये."

रात्री बायकोनं चिंच लावून बंब घासला. पोट लालसर निघालं. पण यावर भरवसा ठेवता येत नाही. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबटात वरचं जस्त आधी सुटतं आणि पितळसुद्धा तांबूस दिसतं. लोहचुंबक फिरवलं, तर फक्त आतल्या जाळीला चिकटलं, ती लोखंडाची. तांबं काय, पितळ काय, चुंबक दोन्हींना विचारत नाही.

मग मी कानस घेतली आणि एका जागी न मारता चार जागी मारली. खालची कड पिवळी. तोटी पिवळी. पोट लाल. झाकण लाल. रंग दिव्याच्या उजेडात फसवतो, म्हणून सकाळी उन्हात परत बघितलं. तसंच.

नात नववीत आहे. ती म्हणाली, "आबा, पाण्यात वजन करू." डेअरीचा काटा आणला. झाकणाची लाकडी मूठ काढली. नुसतं झाकण भरलं ७१२ ग्रॅम. मग पाण्याची बादली काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणला आणि झाकण दोऱ्यानं पाण्यात सोडलं. बुडाला टेकू द्यायचं नाही, खाली बुडबुडा अडकू द्यायचा नाही. काट्यावर ८० आले. म्हणजे झाकणानं ८० ग्रॅम पाणी सरकवलं. ७१२ भागिले ८०, उत्तर ८.९. पाण्याच्या जवळजवळ नऊपट जड म्हणजे तांबं. पितळ साधारण साडेआठपट. ते असतं तर आकडा ८४च्या आसपास आला असता. चार ग्रॅमचा फरक! तेवढ्यावर आईबापाचं चाळीस वर्षांचं भांडण.

खरं म्हणजे दोघंही बरोबर होते. तांबं मऊ, ठोकून हवं तसं वाकतं, आणि उष्णता पितळेच्या तिपटीहून जास्त वाहून नेतं. म्हणून पोट तांब्याचं. तोटी ओतायची, आटे पाडायचे, तर पितळ बरं. ज्या तांबटानं तो घडवला त्याला हे ठाऊक होतं. आण्णांनी कड बघितली, आईनं पोट.

मोडवाला आला. त्याला चारही जागा दाखवल्या. त्यानं मान हलवली. कड आणि तोटी पितळेच्या भावानं, बाकी तांब्याच्या भावानं धरलं.

बंब विकला नाही असं लिहायला मला आवडलं असतं. पण ऊस वाळत होता. त्या पैशात मोटर रिवाइंडिंग करून आणली. आतली नवी तार तांब्याचीच. पाणी सुरू झालं तेव्हा पाटाच्या कडेला बसून राहिलो. ती असताना एकदा तरी म्हणायला पाहिजे होतं, "आई, तुझं खरं असंल." तेवढं म्हणायला ना काटा लागत होता, ना कानस.

झाकण मात्र दिलं नाही. ते रांजणावर आहे.