कापसाच्या मुलखातील गोधडी

जिंतूर गावापासून सुमारे ३ किलोमीटरवर नेमगिरीची टेकडी आहे. डोंगराच्या पोटातील अरुंद दारांतून वाकून आत गेल्यावर भगवान नेमिनाथांची भव्य मूर्ती समोर येते, आणि इवल्याशा दगडावर टेकलेली, जवळजवळ अधांतरी वाटणारी पार्श्वनाथांची मूर्ती पाहून यात्रेकरू थबकतो. या क्षेत्राची महती या अंकाच्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. परंतु चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी येथे निघालेल्या कुटुंबाच्या सामानात एक वस्तू हमखास असे, तिची आठवण मात्र आता पुसट होत चालली आहे. ती वस्तू म्हणजे वळकटी. सतरंजीत गुंडाळलेली, सुती दोरीने आवळलेली वळकटी धर्मशाळेच्या फरशीवर उलगडली की आतून गोधड्या निघत. एक अंथरायला, एक पांघरायला.

पांघरायची गरज नाही, असे परभणीबाहेरच्या माणसास वाटेल. मराठवाडा म्हटले की उन्हाळाच डोळ्यांसमोर येतो. पण परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत काही हिवाळ्यांत पारा ५ अंशांच्याही खाली उतरलेला आहे, आणि अशा पहाटे चार पदरी गोधडीची किंमत कळते.

गोधडी म्हणजे नेमके काय, हे नव्या पिढीतील वाचकांसाठी थोडे सविस्तर सांगावे लागेल. गादी आणि रजई यांत पिंजलेला कापूस भरलेला असतो. गोधडीत कापूस नसतो. तिच्यात असते ते केवळ कापड: वर आणि खाली चांगल्यातले जुने लुगडे, आणि मध्ये धोतराचे तुकडे, फाटकी चादर, सदऱ्याच्या पाठी, जे घरात वापरून विटले असेल ते. हे थर जमिनीवर ताणून अंथरायचे, सुरकुत्या हाताने मोडायच्या, कडेला वजने ठेवायची. याला गोधडी मांडणे म्हणतात. मग मोठ्या सुईने, दुहेरी दोऱ्याने, काठापासून आतल्या बाजूस चौकटीमागून चौकट अशी धावदोऱ्याची रांग घालीत जायचे. शेवटची रांग मध्यावर येऊन संपते. मांडण्याच्या कामातच खरे कसब आहे. थर सैल राहिला तर पहिल्याच धुण्यात गोधडीला गोळे येतात, आणि मग कितीही टाके घातले तरी उपयोग नसतो.

परभणी हा कापसाचा जिल्हा. सेलू आणि मानवत येथील कापसाचे बाजार सर्वज्ञात आहेत. गेल्या शतकाच्या आरंभी निजामाच्या राज्यात मनमाड-सिकंदराबाद रेल्वे सुरू झाली आणि या काळ्या मातीतील कापसाला मुंबईची वाट सापडली. जिनिंगमध्ये सरकी वेगळी झाली, प्रेसमध्ये रुई दाबली गेली, गाठी बांधल्या गेल्या. आजच्या हिशेबाने एक गाठ १७० किलोची. या व्यवहाराच्या प्रत्येक पायरीवर, अडतीवर, जिनात, पेढीवर, आपल्या समाजातील घराणी होती व आहेत. पुढे तोच कापूस गिरणीतून कापड होऊन परत याच गावांत आला. तागे उलगडणारे हातही बहुधा आपल्याच लोकांचे. मराठवाड्यातील सैतवाळ जैनांच्या अनेक घराण्यांत तर कापडविक्रीबरोबर शिवणकाम हाही पिढीजात धंदा होता.

कापसाच्या या फेऱ्याची नोंद रोजमेळात, खतावणीत, रेल्वेच्या पावतीवर सापडते. लुगडे विकले गेले की खाते बंद होते. पण लुगड्याचे आयुष्य तेथे संपत नसे. पाच-सहा वर्षे नेसून, आठवड्यातून दोनदा दगडावर आपटून जे कापड मऊ पडे, ते गोधडीत जाई आणि आणखी पंधरा-वीस वर्षे घरात राही. ज्या बाईने कार्तिक-मार्गशीर्षात कमरेला ओटी बांधून कापूस वेचला, तिच्या पांघरुणात पिंजलेला कापूस भरणे तिला परवडत नसे. तो बाजारात गेलेला असे. तिच्या वाट्याला कापूस यायचा तो असा, जुने कापड होऊन.

शिवण्याचा हंगाम उन्हाळ्याचा. रान मोकळे झाले, वाळवणे संपत आली, की दुपारी ओसरीवर किंवा लिंबाच्या सावलीत गोधडी पडे. तिच्या चार बाजूंना चौघीजणी बसत. आज हिची, चार दिवसांनी तिची. शेतातल्या सावडीचाच हा प्रकार. कोणी कोणाकडे किती दुपारी बसली याचा हिशेब लिहिलेला नसे, तरी तो कोणी विसरत नसे. वहीखात्यावाचून चालणारी, व्याज नसलेली आणि सहसा न बुडणारी ही उधारी अर्थशास्त्राच्या पुस्तकांत क्वचितच भेटते.

जिंतूर तालुक्यात बंजारा तांडे पुष्कळ. तेथील सुईची जात वेगळी. भडक लाल, पिवळ्या, निळ्या कापडावर आरसे बसविलेले घागरे आणि काचोळ्या, कवड्यांनी मढविलेली डोक्यावरची चुंबळ, बारीक टाक्यांनी भरलेल्या पिशव्या. गावातील गोधडी ऊब देण्यासाठी शिवली जाई आणि तिचे सौंदर्य ओघाने येई. तांड्यावरील काम मात्र मुळातच दिसण्यासाठी केलेले असते, आणि त्यात कमीपणाचे काही नाही.

आपल्या घरांतूनही सुईचे काम होते, फक्त त्याला कोणी कला म्हटले नाही. पाणी गाळण्याच्या दुहेरी कापडाला दुमड घालणे, श्रुतपंचमीला शास्त्रग्रंथांची जुनी वेष्टने बदलून नवी शिवणे, नव्या बाळासाठी आजीच्या लुगड्याचे दुपटे आणि कुंची. श्वेतांबर घरांत तपश्चर्येच्या उजमण्याला जरीचे छोड आणि चंद्रवे अर्पण होत. ते कारागिराकडून भरून घेतलेले असत, आणि मंदिराच्या भांडारात आजही जपलेले सापडतात. दुपटी मात्र कोणीच जपली नाहीत. ती वापरून संपली, आणि संपण्यासाठीच ती केलेली होती.

परभणीच्या कापडबाजारात आज फेरफटका मारला तर सुती नऊवारी लुगडे मागून घ्यावे लागते. कपाटांत साड्यांची रांग लागलेली असते, पण त्यांतील बहुसंख्य कृत्रिम धाग्याच्या. या बदलाचा दोष दुकानदाराला देता येत नाही, आणि गिऱ्हाइकालाही. कृत्रिम साडी स्वस्त, इस्त्री न लागणारी, लवकर वाळणारी. शेतात राबणाऱ्या बाईने ती का नेसू नये? आज खेड्यांतून शिवल्या जाणाऱ्या गोधड्याही बहुतेक अशाच साड्यांच्या असतात. त्या हलक्या असतात, रंग सोडीत नाहीत. परंतु ते कापड घाम टिपीत नाही, निसरडे असल्याने थर एकमेकांवरून सरकतात, आणि कितीही वर्षे वापरले तरी जुन्या सुताचा मऊपणा त्याला येत नाही. दुसरीकडे रस्त्याच्या कडेला ढीग लावून विकली जाणारी लोकरीसारखी दिसणारी जाड ब्लँकेटे आहेत. लग्नाच्या आहेरातही आता तीच येतात.

आणि तरीही दारावर 'गोधडी शिवायची का' असे विचारीत येणाऱ्या बाया अजून दिसतात. घरमालकीण जुन्या साड्या काढून देते, बाई अंगणात बसून शिवते, मजुरी ठरलेली असते. ठरते कशी, हे मात्र पाहण्यासारखे असते. कापड घरचे, दोरा घरचा, मग एवढी मजुरी कशाची, हा प्रश्न अगदी सुखवस्तू दारातही ऐकू येतो.

त्याचे उत्तर साध्या गणितात आहे. गोधडी ६ फूट लांब आणि ४ फूट रुंद धरली, आणि दोन रांगांमध्ये एक इंच अंतर ठेवले, तर सगळ्या रांगांची लांबी मिळून २८८ फूट भरते. इंचाला दोन टाके म्हणजे सुमारे ७००० टाके. चार थरांतून सुई काढायची असल्याने मिनिटाला दहा टाके ही चांगली गती झाली. तेव्हा मान न उचलता साडेअकरा तास. रांगा अर्ध्या इंचावर घेतल्या, आणि चांगली गोधडी तशीच असते, तर तेवीस तास. यात मांडणी धरलेली नाही, दोरा ओवणे धरलेले नाही, अंगुस्तान नसलेल्या बोटाला टोचलेली सुई तर नाहीच नाही. कापडाच्या व्यापारात मीटरला पैशा-पैशाचा हिशेब करणाऱ्या घराने हा हिशेबही एकदा करून पाहावा, आणि मग मजुरीचा आकडा बोलावा.

जगात दुसरीकडे अशा कामाचे काय झाले, याचे एक उदाहरण येथे देण्याजोगे आहे. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची एक लहान वस्ती आहे. तोही कापसाचा मुलूख. त्या पट्ट्यास तेथील काळ्या मातीवरूनच नाव पडले. गुलामांच्या वंशातील कृष्णवर्णीय स्त्रिया तेथे शेतावरच्या झिजलेल्या कपड्यांतून गोधड्या शिवीत. १९६६ साली त्या भागातील स्त्रियांनी सहकारी संस्था काढली. २००२ मध्ये त्यांच्या गोधड्या ह्यूस्टन व न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयांत भिंतीवर लागल्या, आणि २००६ मध्ये अमेरिकन टपाल खात्याने त्यांची तिकिटे काढली. कीर्ती झाली, परंतु २००७ मध्ये काही कारागीर स्त्रियांना आपल्या हक्काच्या पैशांसाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. मान मिळणे आणि मोबदला मिळणे या दोन वेगळ्या नोंदी आहेत.

परभणीत या कामाला आधार देऊ शकतील अशा गोष्टी नाहीत असे नाही. १९७२ साली स्थापन झालेल्या आणि आज वसंतराव नाईकांचे नाव धारण करणाऱ्या कृषी विद्यापीठात वस्त्रशास्त्र शिकविले जाते. शिवाय परभणीच्या संशोधकांनी देशी कापसाचे वाण टिकवून धरले आहेत, त्यांपैकी एकाला शहरातील प्रसिद्ध दर्ग्यावरून 'परभणी तुराब' असे नाव आहे. गावोगावी बचत गट आहेत. नाबार्डने १९९२ पासून गटांना बँकेशी जोडण्यास आरंभ केला, आणि मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात राज्यभरातील गटांचा माल विकला जातो. उणीव आहे ती सुती कापडाची. आणि ते कापड कोठे आहे, हे सांगण्यास फार शोध नको. दुकानात ताग्यांचे उरलेले तुकडे आहेत, नमुन्यांच्या पट्ट्या आहेत. शिवाय प्रत्येक घराच्या कपाटात ओटीत आलेले ते टू बाय टूचे ब्लाऊज पीस आहेत, जे या घरातून त्या घरात आणि त्या घरातून पुन्हा या घरात फिरत असतात, आणि कधीच शिवले जात नाहीत! वर्षभराचे असे तुकडे एका गाठोड्यात बांधून जवळच्या गटाला दिले, आणि झालेल्या गोधडीचा पूर्ण दाम मोजून ती मुलीच्या आहेरात घातली, तर त्यास कोणत्याही योजनेची मंजुरी लागणार नाही.

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या रेल्वेने पोखर्णी मागे टाकली की पुढे गंगाखेड येते. हे संत जनाबाईंचे जन्मगाव; गोदावरीकाठी त्यांचे मंदिर आहे. लहानपणीच त्या पंढरपूरला दामाशेटींच्या घरी कामाला राहिल्या. ते घर शिंप्याचे, संत नामदेवांचे. नामदेवांचे नाव धारण करणारे नरसी हे गावही १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. जनाबाईंच्या कथेत गोधडी आहे, तिला तेथे वाकळ म्हणतात. विठ्ठल रात्री जनीच्या झोपडीत आला, पहाटे घाईने निघताना आपला शेला आणि पदक तेथेच विसरला आणि तिची वाकळ पांघरून राउळात गेला. पदकाच्या चोरीचा आळ जनीवर आला, तिला सुळावर चढविण्याची शिक्षा झाली, आणि सुळाचे पाणी झाले, अशी ती कथा. शिंप्याच्या घरी राबणाऱ्या त्या मुलीला वाकळीपुरत्या चिंध्या तरी मिळत असाव्यात, असा तर्क करण्यास हरकत नाही.

घटस्थापनेपूर्वी घरातील सारे अंथरूण-पांघरूण धुण्याची चाल मराठवाड्यात आहे. त्या दिवसांत गंगाखेडच्या घाटावर गोधड्या येतात. भिजलेली गोधडी एकटीने उचलत नाही. दोघी दोन टोके धरून पिळतात. मग पायऱ्यांवर, दगडांवर त्या पसरल्या जातात. दुपारी एकदा उलटाव्या लागतात. एखादीचा वरचा थर विरलेला असतो, तेथून खालच्या लुगड्याचा काठ दिसतो, आणि धुणारी सांगते की हे सासूचे, ती गेली त्या वर्षी हे आत घातले. विरलेली गोधडी टाकायची नसते. तिच्यावरच नवे लुगडे अंथरायचे, काठापासून पुन्हा दोरे घालायचे, आणि जुनी आत तशीच राहू द्यायची.