कोरीटची पडवी

सुरत-भुसावळ लाइनच्या गाडीनं नंदुरबारला उतरलो आणि रिक्षानं कोरीटला आलो. गावात शिरताच कळलं, पडवी पाडली.

चार लाकडी खांब आणि वर पत्रे, एवढीच ती पडवी. मिशनातल्या बाई संध्याकाळी तिथं पोरं घेऊन बसायच्या. आमच्याकडची जुनी माणसं ‘चर्च’ म्हणत नाहीत, ‘मिशन’ म्हणतात. नंदुरबारची एस. ए. मिशन शाळा आणि चिंचपाड्याचा दवाखाना त्याच मिशननं उभारलेले. पण माझ्यापुरतं मिशन म्हणजे त्या बाई.

आल्या की आधी कंदिलाची काच उतरवायच्या, राख लावलेल्या चिंधीनं पुसायच्या. मग नव्या पोराला जवळ घेऊन अहिराणीत विचारायच्या, “तुनी माय तुले काय म्हनस?” आई हाक मारते तेच नाव पाटीवर पहिलं लिहायचं. शाळेच्या हजेरीतलं नाव नंतर. भिलाटीतली एक पोर आपलं नाव पाटीवर पाहून किती वेळ त्यावरून बोट फिरवत राहिली होती.

बाईंना चहा आमच्या घरून जायचा. त्यांचा कप वेगळा, कान तुटलेला, बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेला. तो घेऊन मीच जायचो. त्या चहा प्यायच्या, कप स्वतः विसळून माझ्या हातात द्यायच्या. कधी एक शब्द बोलल्या नाहीत.

पुढे वाचनात न्यूयॉर्कच्या ॲबिसिनियन बॅप्टिस्ट चर्चची हकिकत आली आणि तो कप आठवला. प्रार्थनेला वेगळं बसवतात म्हणून काही कृष्णवर्णीय भाविक गोऱ्यांच्या चर्चमधून उठून गेले आणि 1808 मध्ये त्यांनी आपलं चर्च काढलं. 1930 च्या मंदीत याच चर्चनं हार्लेममधल्या भुकेल्यांना जेवू घातलं. मोडकळीला आलेल्या त्या वस्तीत घरं बांधण्यासाठी 1989 मध्ये त्यांनी संस्था उभी केली. ज्यांना कधी वेगळं बसवलं होतं, त्यांनीच वस्ती सावरली.

येताना गाडी बारडोलीला थांबली होती. फेब्रुवारी 1936 मध्ये हॉवर्ड थर्मन हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक तिथं गांधीजींना भेटले होते. गांधीजींच्या विनंतीवरून थर्मन आणि त्यांच्यासोबतच्या पाहुण्यांनी गुलामीच्या काळातली भजनं गायली. पुढे 1944 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत काळे-गोरे एकत्र बसतील असं चर्च उभारण्यात थर्मन यांचा पुढाकार होता. बारडोली आमच्याच लाइनवरचं स्टेशन. पण ‘एकत्र बसणं’ आमच्या ओट्यापर्यंत कधी पोचलं नाही.

बाई गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांची माफी मागायची राहिली.

पडवीच्या जागी आज सपाट काँक्रीट आहे. गावातली पोरं मात्र अजून संध्याकाळी रिकामीच हिंडतात. दिवसाचे दोन तास त्यांच्यापाशी बसणारं कुणी असेल, तर आमचा ओटा मोकळा आहे. या. चहा घरातल्याच कपात मिळेल, आणि आपण सगळे एकत्र बसून पिऊ.