एक साइझ मोठं!

गुरुवारची संध्याकाळ. लेखाची डेडलाइन डोक्यावर, समोर गार झालेला चहा आणि फोनवर दादा.

“शनिवारी जळगावला येतेयस ना? मग पोरीला ते पायाला बांधतात ते घ्यायचंय. तू खेळलीयेस, तूच बघ. आणि हो, एक साइझ मोठंच घेऊ. वाढतं अंग आहे.”

शेवटचं वाक्य ऐकलं आणि माझी डावी नडगी ठणकली. म्हणजे खरोखर नाही हो. चौदा वर्षं झाली त्या गोष्टीला. पण काही वाक्यं कानातून थेट पायात उतरतात, त्यातलं हे एक.

‘वाढतं अंग आहे.’ तुमच्याही घरात हे वाक्य असणारच. आमच्या खान्देशात तर ते बारशापासून सुरू होतं. शाळेचा ड्रेस घोट्यापर्यंत, रेनकोट दोन वर्षं पुढचा, बुटांच्या टोकात कापूस. माझी पहिली सायकल आली तेव्हा पाय पॅडलला टेकत नव्हते. ‘टेकतील की पुढच्या वर्षी!’ त्यात कंजूषपणा नसतो, बरं का. पगार एक, पोरं दोन, मग माणूस पुढचं बघूनच खरेदी करणार. मी स्वतः पुण्यात फ्रीलान्सिंग करून घरभाडं भरायला लागले, तेव्हा मला अण्णांचा हा फंडा नीट कळला.

फक्त एका बाबतीत तो साफ चुकतो.

माझी भाची... सॉरी, दादाची मुलगी म्हणजे पुतणी. पण ती मला ‘आत्या’ म्हणते तेव्हा मला उगाच पन्नाशीची झाल्यासारखं वाटतं. तर ही पुतणी सहावीत आहे आणि शाळेच्या हॉकी टीममध्ये राइट हाफ खेळते. क्रिकेटवेड्या गावात पोरीने हॉकी निवडली म्हणून मी आधीच खूश होते. शनिवारी सकाळी तिने मोजे खाली केले आणि माझा चेहरा पडला. उजव्या नडगीवर दोन निळे डाग, एक ताजा आणि एक पिवळा पडत चाललेला.

“गार्ड नाही घातले?”

“अगं आत्या, प्रॅक्टिसच तर होती!”

बॉलला काय माहीत की प्रॅक्टिस आहे! हॉकीचा बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो, म्हणजे क्रिकेटच्या लेदर बॉलइतकाच. क्रिकेटमध्ये त्याच्यासमोर आपण पोरांना ढोपरापर्यंत पॅड घालून उभं करतो. हॉकीत मात्र तोच जडपणा जमिनीलगत सरपटत येतो, आणि आपल्याकडच्या मातीच्या मैदानावर एखाद्या खड्याला लागून कुठेही उसळतो. वर समोरच्याची स्टिक असतेच. आणि नडगीला स्वतःचं असं काही संरक्षण नाही. पोटरीत मांस असतं, पण पुढे कातडीखाली थेट हाड. हाडावरच्या पातळ आवरणात भरपूर नसा असतात, म्हणून नडगीला लागलं की डोळ्यांसमोर तारे चमकतात.

गंमत म्हणजे आंतरराष्ट्रीय हॉकीच्या नियमांत मैदानावरच्या खेळाडूंना नडगी, घोटा आणि दातांसाठी गार्ड घालायची शिफारस आहे, सक्ती नाही. फुटबॉलमध्ये शिनगार्ड सक्तीचे आहेत. ही वस्तू फुटबॉलमध्ये आली तीही क्रिकेटच्या पॅडमधून. नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या सॅम विडोसनने १८७४ मध्ये क्रिकेटचे पॅड कापून छोटे केले आणि मोज्यांवरून बांधले. लोक आधी हसले, मग त्यांनीही बांधले. म्हणजे बघा, पहिल्या शिनगार्डच्या मागेही ‘मोठं आहे, ते मापाचं करून घेऊ’ हाच विचार होता!

तर आम्ही तिघं बाजारात. जळगावची शनिवारची गर्दी, त्यात ऊन असं की स्कूटरच्या सीटवर पापड भाजावा. दुकानदारकाका मोठे हसतमुख. पोरीकडे एक नजर टाकली, “कितवीत?” विचारलं आणि वरच्या फळीवरून एक पाकीट काउंटरवर टाकलं.

मी म्हटलं, “काका, इयत्तेवरून नाही, पायावरून द्या ना.”

त्यांनी टाकले होते ते फुटबॉलचे होते. पातळ, आखूड आणि हलके. लाथ बसली तर चालतात, पण हॉकीची स्टिक आणि बॉल यांच्यासमोर ते पुरे पडत नाहीत. हॉकीचे गार्ड जास्त कडक कवचाचे, आत जाड फोमचे, नडगीला दोन्ही बाजूंनी वळसा घालणारे आणि खाली घोट्यापर्यंत उतरणारे असतात. काकांनी मग मागच्या खोलीतून जालंधरचा माल काढला. फाळणीनंतर सियालकोटचे कारागीर जालंधरला आले, तेव्हापासून हॉकीच्या सामानाचं ते माहेरघर.

पाकिटावर एस, एम, एल. आता हे एस-एम प्रत्येक कंपनीचं वेगळं. एकाचा एम दुसऱ्याच्या एसएवढा. म्हणून मी सरळ पोरीला स्टुलावर बसवलं, गुडघा काटकोनात, पाऊल जमिनीवर सपाट. काकांकडून टेप घेतला. गुडघ्याच्या वाटीच्या खालून मोजायला सुरुवात, ते पाऊल जिथे वर दुमडतं त्या घडीपर्यंत. आकडा हातावर पेनने लिहिला आणि मग पाकिटांकडे बघितलं. दोन्ही पाय मोजले. दोन नंबरांच्या मधलं माप आलं तर काय, हे ठरवायला गार्ड घालूनच बघावे लागतात. तेही घरून आणलेले खेळाचे मोजे आणि बूट घालून. चपलेवर येऊन गार्ड घेणं म्हणजे डोळे मिटून चष्मा घेणं.

एम आधी घातला, कारण दादाची नजर एमवरच होती. उभी असताना अगदी झकास दिसत होता. पोरगी आरशात बघून खूशही झाली.

“आता हॉकी खेळतेस तशी वाक.”

ती वाकली. हॉकीत कुणी उभं राहून खेळत नाही. गुडघे दुमडलेले आणि कंबर खाली. गार्डची वरची कड गुडघ्याच्या वाटीला टेकली. दोन पावलं पळायला लावली तर खालची कड पावलावर आपटायला लागली. मग मी गार्ड हाताने धरून हळूच फिरवला, तर नडगीवरून सरकून तो चक्क पोटरीच्या बाजूला गेला. पट्टे शेवटच्या टोकापर्यंत ओढूनही.

“थोडे आवळून बांधायचे,” दादा म्हणाला. “दोन वर्षं निघतील. एस सहा महिन्यांत छोटा होईल.”

आणि इथे, काउंटरसमोर, काकांच्या साक्षीने, मी दादाला चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली.

आठवीत होते. आम्ही तेव्हा धुळ्याला. शाळेच्या टीममध्ये अकरा पोरी आणि गार्डच्या जोड्या चार, त्या मोठ्या मुलींना. अण्णांना कळलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. पण पुढच्या पगाराला आग्रा रोडवरून नवी कोरी जोडी घेऊन आले. एक साइझ मोठी. ‘दहावीपर्यंत पुरतील,’ म्हणाले. टीममध्ये स्वतःचे गार्ड असलेली मी एकटी! कसली मिरवले मी.

जळगावला मॅच होती. दुसऱ्या हाफमध्ये मी वळले, पण गार्ड वळला नाही. तो बाजूला राहिला आणि बॉल बरोबर उघड्या पडलेल्या हाडावर. मोडलं वगैरे नव्हतं काही, पण दीड महिना नीट चालता आलं नाही. घरी सांगितलं, पायरीवरून पडले. आईने पाय मांडीवर घेतला आणि काळजीत असली की ती जशी अहिराणीवर येते तशी म्हणाली, “पायले काय व्हयनं वं?” काही नाही म्हटलं. खरं सांगितलं असतं तर अण्णांच्या गार्डचं नाव निघालं असतं. एवढ्या हौसेने आणलेले.

बरी झाल्यावर मैदानावर गेले, पण बॉल आला की माझा पाय आपोआप मागे जायचा. हाफच्या जागेवर खेळणाऱ्या मुलीचा पाय मागे जायला लागला की सरांना दिसतंच. दिवाळीनंतर मी जाणंच बंद केलं. अभ्यासाचं निमित्त होतंच.

दादा बराच वेळ टेपशी चाळा करत होता. “तू तर म्हणाली होतीस, कंटाळा आला.”

“तेच सांगितलं होतं सगळ्यांना.”

तो काकांकडे वळला. “एस दाखवा.”

एस घातला. वरची कड वाटीच्या खाली बोटभर, वाकल्यावर मोकळी. खाली घोटा झाकलेला, पण पाऊल वर-खाली करताना टोचत नाही. फिरवून बघितला, जागचा हलला नाही. पट्ट्याखाली एक बोट जेमतेम जातं, म्हणजे रक्त अडणार नाही. डावा-उजवा बघून घेतला, वरून मोजे चढवले, मग बूट. पोरगी दुकानाबाहेरच्या फरसावर पाच मिनिटं धावली. परत आली आणि म्हणाली, “आत्या, घातलेत असं वाटतच नाहीये.” हीच खरी परीक्षा, बाकी सगळं टेपचं काम. आत घालायला पातळ सुती मोज्यांची एक जोडी घेतली, कारण आपल्याकडच्या घामात फोम घासून पुरळ येतं. आणि सक्त ताकीद दिली, खेळून आल्यावर गार्ड बॅगेत कोंबायचे नाहीत, सावलीत वाळवायचे.

“आणि सहा महिन्यांनी छोटे झाले तर?” दादाचा शेवटचा प्रयत्न.

“तर शाळेतल्या पाचवीच्या पोरीला दे. ती टीममध्ये येईलच.”

रविवारी सगळे धुळ्याला निघालो. एरंडोल, पारोळा मागे पडत होतं आणि पोरगी मोबाइलवर लडाखच्या मुलींची आइस हॉकी बघत होती. आपल्या मुलींनी २०२५ मध्ये आशिया कपमध्ये ब्राँझ मिळवलं, त्यातल्या बहुतेक जणी लडाखच्या. “आत्या, यांचे गार्ड एवढे मोठे का?” मी सांगितलं, की त्यांचे गार्ड गुडघ्यावरूनच सुरू होतात, वाटीला वेगळी टोपी असते. त्यांचा रबरी पकही आपल्या बॉलच्याच वजनाचा आणि वर घसरून बर्फावर पडायचं. त्यांचं माप वाटीच्या मध्यापासून स्केटच्या बुटाच्या वरच्या कडेपर्यंत, इंचांत. गार्ड मोठा झाला की ती टोपी वर सरकते आणि गुडघा नेमका पडतानाच उघडा राहतो. पोरगी विचार करून म्हणाली, “म्हणजे तिकडे पण एक साइझ मोठं चालत नाही.” दादाने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि गाडी चालवत राहिला.

धुळ्याला पोचलो. जेवणात भरीत-भाकरी. पोरीने ताटावरून उठताच आजोबांना गार्ड दाखवले. अण्णांनी ते हातात घेतले, उलटसुलट केले आणि काही न बोलता आत गेले. माळ्यावर खुडबुड ऐकू आली. आले तेव्हा हातात एक पिशवी. आत माझे गार्ड. धुऊन, कागदात गुंडाळून ठेवलेले.

“नवे कशाला घेतले? हे होते की!”

मी हातात घेतले. फोम दगडासारखा झालेला, एका कवचाला बारीक तडा, पट्ट्यांची चिकटपट्टी मेलेली. असे गार्ड कुणालाही द्यायचे नसतात, मापाचे असले तरी. ते मी दादाला हळूच सांगितलं. अण्णांना नाही.

मग काय वाटलं कोण जाणे, खाटेवर बसून मी डाव्या पायाला एक लावून बघितला. वरची कड वाटीच्या खाली बोटभर. खाली घोट्यापर्यंत. फिरवला, तर हलला नाही. बहुतेक अकरावीतच ते मला असे बसले असते. पण अकरावीत मी हॉकी टीव्हीवर बघत होते.

दादा माझ्याकडे बघत होता. आईसुद्धा.

“बघ,” अण्णा एवढे खूश झाले होते, “म्हटलं नव्हतं पुरतील म्हणून?”

“हो अण्णा,” मी म्हटलं. “एकदम मापात बसले.”

बाहेर अंगणात पोरीने भिंतीवर बॉल मारायला सुरुवात केली होती. दादा उठला, आतल्या खोलीतला शिवणाचा टेप घेतला आणि तिच्या मागे गेला. आता दर तीन महिन्यांनी तो तिचा पाय मोजतो आणि आकडा कॅलेंडरवर लिहून मला फोटो पाठवतो. परवाच्या फोटोखाली ओळ होती, ‘वाढलीये. या महिन्यात नवे घेतोय. मापाचे.’