मिरजेला येईन, पण खडे काढून

बर्लिनच्या बर्नाउअर श्ट्रासेवर भिंतीचं स्मारक पाहायला रोज माणसांची रीघ असते. भिंतीच्या उरलेल्या तुकड्यांकडे तोंड करून सगळे फोटो काढतात. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूच्या जुन्या, भक्कम इमारतीकडे फारसं कुणी बघत नाही. आज तिथं वृद्धांची निगा राखली जाते, पण पूर्वी ते लाझारुस रुग्णालय होतं. 15 जुलै 1882 रोजी कार्ल लांगेनबुख या सर्जननं इथंच माणसाच्या पोटातून पहिल्यांदा पित्ताशय काढलं. रुग्ण 43 वर्षांचा होता. खड्यांच्या दुखण्यानं त्याची 16 वर्षं खाल्ली होती आणि कळा मारण्यासाठी घेतलेल्या मॉर्फिनची त्याला सवय जडली होती. त्या काळचे सर्जन फार तर पित्ताशयाला छेद देऊन खडे काढत आणि पिशवी जागच्या जागी ठेवत. खडे पुन्हा होत. लांगेनबुखचं म्हणणं असं की पिशवीत खडे आहेत एवढ्यासाठी नव्हे, तर पिशवीच खडे तयार करते म्हणून ती काढली पाहिजे. तो रुग्ण बरा होऊन घरी गेला.

मी या रस्त्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहते. माझं पित्ताशय निघालं तेही याच शहरात, दुसऱ्या एका रुग्णालयात. त्यानंतर मला इथल्या आणि इतर देशांतल्या मराठी मैत्रिणींचे इतके फोन आले, की हे सगळं एकदा सविस्तर लिहावं असं वाटलं. प्रत्येकीचा प्रश्न जवळपास एकच होता: ‘भारतात जाऊन करून घेऊ का?’

आधी दुखण्याविषयी. पोटात दुखणं आपल्याला नवं नसतं. पण ही कळ निराळी असते. उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात मधोमध ती सुरू होते, पाठीत उजव्या खांद्याच्या फऱ्यापर्यंत जाते आणि तिथं ठाण मांडून बसते. कूस बदलली, उकिडवं बसलं, शेक घेतला, तरी आराम नाही. मळमळतं, घाम फुटतो. बहुतेकदा ती तेलातुपाच्या जेवणानंतर काही वेळानं किंवा मध्यरात्री येते, तासन्‌तास राहते आणि मग आली तशी निघून जाते. गेली की माणसाला वाटतं, संपलं एकदाचं. मला ती आली दिवसभराच्या उपासानंतर रात्री दाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी खाल्ली तेव्हा. असं का होतं हे डॉक्टरांनी नीट समजावलं. यकृतात दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त तयार होतं. जेवणाच्या मधल्या वेळात ते पित्ताशयात साठतं आणि घट्ट होतं. स्निग्ध अन्न आतड्यात पोहोचलं की संप्रेरकाची आज्ञा मिळून पित्ताशय जोरानं आकुंचन पावतं. त्या क्षणी खडा तोंडाशी अडकला की कळ सुरू होते. म्हणून लांबलेला उपास आणि त्यावर तेलकट फराळ, ही जोडी खडे असलेल्यांना सोसत नाही. झपाट्यानं वजन उतरवणाऱ्यांनाही खडे होण्याचा धोका वाढतो, आणि गरोदरपणानंतर बायकांना ते जास्त होतात.

सोनोग्राफीत खडे स्पष्ट दिसले. इथं एक गोष्ट ठासून सांगायची आहे. पोटाची तपासणी दुसऱ्याच कारणासाठी केली आणि त्यात खडे सापडले, त्रास मात्र काहीच नाही, अशा बहुतेकांना शस्त्रक्रियेची गरज नसते. खडे असलेल्या दर पाच माणसांपैकी सुमारे चौघांना त्यांचा पत्ताही लागत नाही. घाबरून पोट उघडायला धावू नये. पण कळ एकदा आली, की ती पुन्हा येण्याची शक्यता मोठी असते, आणि तेव्हा गणित बदलतं.

माझ्या खड्यांची बातमी कळताच फोनवरून घरगुती औषधं सुचवणं सुरू झालं. कुळथाचं पाणी, पानफुटीची पानं, पाषाणभेद. ज्यांनी सुचवली त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण हे सगळे मुतखड्यावरचे उपाय. मूत्रपिंडाची वाट वेगळी, पित्ताशयाची वेगळी, आणि दोन्हीकडचे खडे वेगवेगळ्या द्रव्यांचे. मग ऑलिव्ह तेलात लिंबाचा रस मिसळून पिण्याचा उपाय आला. तो प्यायल्यावर शौचातून हिरवे गोळे पडतात आणि माणूस खडे पडले म्हणून सुखावतो. तपासणीत असे गोळे म्हणजे त्याच तेलाचा पोटात झालेला साबण असल्याचं आढळलं आहे. खडे जागच्या जागी असतात, वर इतकं तेल एकदम पोटात गेल्यानं कळ येऊ शकते ते वेगळंच. खडे विरघळवणारी एक गोळी खरोखर आहे, पण ती कोलेस्टेरॉलच्या लहान खड्यांपुरती. महिनोन्‌महिने घ्यावी लागते आणि थांबवल्यावर खडे परत होऊ शकतात.

आणि आई. आई मिरजेची. मिरज म्हणजे डॉक्टरांचं गाव. विल्यम वॉनलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथं रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून कोकणातून, कर्नाटकातून लोक उपचाराला येत आले आहेत. “अगं, दारात दवाखाने असताना तू तिकडे परक्या मुलखात कशाला पोट फाडून घेतेस? दिवाळीला येणारच आहेस, तेव्हा करू. मी आहे, मावशी आहे, मऊ भात मिळेल वेळेवर.” यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तिथल्या डॉक्टरांच्या हातालाही काही कमी नाही. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया 1985 मध्ये जर्मनीत, ब्योब्लिंगेनला एरिख म्यूहे यांनी पहिल्यांदा केली. इथल्या सर्जन मंडळींनी सुरुवातीला तिची कदर केली नाही. पण 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया ती करत होते. अवघ्या पाच वर्षांत ही विद्या आपल्याकडे पोहोचली, याचा मला अभिमान वाटतो.

प्रश्न हाताचा नव्हता, वेळेचा होता. दिवाळी लांब होती. दुखरे खडे तोवर शांत बसतील याची हमी कुणी देत नाही. एखादा लहान खडा निसटून पित्तनलिकेत अडकला तर कावीळ होते, स्वादुपिंडाला सूज आली तर जिवावर बेतू शकतं. वाटेत विमान बदलून मुंबई, तिथून रात्रभराची गाडी, या प्रवासात मधेच कुठं कळ उठली तर? शिवाय ठरवून भारतात केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च जर्मनीचा सरकारी आरोग्यविमा देत नाही, आणि प्रवासविमा सहसा आधीच ठाऊक असलेल्या आजाराची जबाबदारी घेत नाही. आईला इकडे बोलवावं तर व्हिसाच्या मुलाखतीची तारीखच लवकर मिळेना. मी तिला म्हटलं, “आई, मी मिरजेला येईन, पण खडे काढून.” ती रडली. मलाही रडू आलं.

शस्त्रक्रियेबद्दल लिहिण्यासारखं थोडं आहे. पोटावर चार लहान छेद, आत वायू भरून जागा करायची, आणि पिशवी बाहेर. आदल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी धोके एकेक करून सांगितले: पित्तनलिकेला इजा होऊ शकते, दुर्बिणीतून जमलं नाही तर पोट उघडावं लागू शकतं. न समजलेला शब्द मी पुन्हा विचारला, त्यांनी पुन्हा सांगितला. जर्मन कच्चं असेल त्यांनी सोबत जाणकार माणूस न्यावा आणि समजल्याशिवाय सही करू नये. जागी झाल्यावर पोटापेक्षा उजवा खांदा जास्त दुखत होता. त्याची कुणी आधी कल्पना दिली नाही तर माणूस घाबरतो. पोटात भरलेल्या वायूमुळे श्वासपटलाखालच्या नसा चेतवल्या जातात आणि दुखणं खांद्यात जाणवतं. थोडं चालत राहिलं की दोन-चार दिवसांत ते जातं. शेजारच्या खाटेवर एक वयस्क बर्लिनकर आजी होत्या. संध्याकाळी ब्रेड, चीज आणि कॅमोमाइलचा चहा आला तेव्हा माझा चेहरा पाहून त्यांनी आपल्या वाटणीचं केळं मला दिलं. सरळ उठू नकोस, कुशीवर वळ, हातावर भार दे आणि मग पाय खाली सोड, हेही त्यांनीच शिकवलं.

खरी परीक्षा घरी आल्यावर होते. माझं घर बर्लिनच्या जुन्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही. काही आठवडे जड उचलायचं नाही म्हणजे दळण, दूध, पाण्याच्या बाटल्या सगळंच अडतं. मैत्रिणींनी आळीपाळीनं डबा आणला. पण लक्षात ठेवावी अशी एक माहिती मला विमा कंपनीला फोन केल्यावर मिळाली, आणि ती इथल्या फार थोड्या मराठी घरांत ठाऊक आहे. रुग्णालयातून घरी आलेल्या माणसाचं घरकाम करायला घरात दुसरं कुणी नसेल, तर सरकारी आरोग्यविमा 4 आठवड्यांपर्यंत घरकामाची मदत देतो. घरात 12 वर्षांखालचं मूल असेल तर त्याहून जास्त काळ. डॉक्टरांचा दाखला लागतो आणि दिवसाला 5 ते 10 युरो आपण भरायचे. अर्ज मात्र शस्त्रक्रियेआधीच करावा. रुग्णालयातल्या मुक्कामाचेही दिवसाला 10 युरोच द्यावे लागतात, आणि आजारपणाच्या रजेत मालक 6 आठवडे पूर्ण पगार देतो. परदेशात एकट्यानं आजारी पडायची धास्ती यातल्या बऱ्याच गोष्टींमुळे कमी होते. म्हणून त्या माहीत हव्यात.

खाण्याबद्दल सगळ्यांना काळजी असते. आईला वाटत होतं, आता जन्मभर तूप बंद. तसं नाही. टाकी काढली तरी नळाला पाणी येत राहावं, तसं यकृत पित्त बनवतच राहतं. फक्त ते साठून एकदम न येता सतत थोडं थोडं आतड्यात उतरतं. त्यामुळे सुरुवातीला एका वेळी फार तेलतूप पचत नाही, काहींना काही आठवडे जुलाबही होतात. मी मुगाची खिचडी, दुधी, वरणभात आणि इथल्या दुकानातलं ताक यांवर राहिले, मग हळूहळू तुपाची धार परत आली. जुलाब थांबलेच नाहीत, तर मात्र डॉक्टरांना सांगावं, त्यावर औषध आहे.

दिवाळीला मी मिरजेला गेले. आईनं मऊ भात केलाच होता, पण मी चकली खाल्ली.

तेव्हा मैत्रिणींनो, खडे मुके असतील तर त्यांना तसंच राहू द्या. दुखायला लागले असतील तर विमानाच्या तिकिटाआधी शस्त्रक्रियेची तारीख घ्या, जिथं राहता तिथलीच. आणि कळेबरोबर थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा दुखणं थांबेचना, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. जर्मनीत असाल तर त्याच रात्री 112 फिरवा.