झाडाआडचं घर आणि सेक्टरचा हिशेब

हवेतून इंटरनेट पुरवणाऱ्या लहान व्यावसायिकांसाठी रेडिओ उपकरणं तपासून देणं हे माझं काम. या कामात सर्वांत जास्त वेळा कानावर पडणारा दावा म्हणजे ‘टॉवर दिसला नाही तरी चालेल’. हा दावा बहुतेक वेळा खराच निघतो. झाडीच्या पलीकडे, उताराच्या आड, घराच्या मागच्या पडवीत रेडिओ लावला तरी लिंक लागते, दिवा हिरवा होतो आणि वेग मोजणारं ॲप काहीतरी आकडा दाखवतं. तरीही अशा चाचणीवरून उपकरण विकत घेणं मला घाईचं वाटतं, कारण तिच्यात एकाच घराची तपासणी होते. पुरवठादार मात्र घर विकत नाही, तो सेक्टर विकतो. टॉवरवरचा एक अँटेना पंचवीस-तीस घरांना जो वेळ वाटून देतो, तेच त्याचं खरं भांडवल. झाडाआडचं घर त्या भांडवलातून किती उचलतं हे मोजल्याशिवाय उपकरण चांगलं की वाईट हे ठरतच नाही.

हिशेब साधा आहे. सिग्नल स्वच्छ असेल तर रेडिओ २५६ क्वामवर चालतो, म्हणजे प्रत्येक संकेतात ८ बिट पाठवतो. सिग्नल जेमतेम असेल तर तोच रेडिओ क्यूपीएसकेवर उतरतो आणि २ बिटांवर भागवतो. तेवढाच व्हिडिओ पोचवायला चौपट वेळ. आता एका सेक्टरवर ३० घरं धरा. सगळी स्वच्छ असतील आणि प्रत्येकाला सारखाच डेटा द्यायचा असेल तर ३० एकक वेळ लागेल. त्यातली १० घरं झाडाआड असतील तर २० अधिक १० गुणिले ४, म्हणजे ६० एकक. एकतृतीयांश घरं कमकुवत झाली आणि सेक्टरची क्षमता निम्म्यावर आली. यात चुकलेली पाकिटं पुन्हा पाठवण्याचा वेळ धरलेलाच नाही. माहितीपत्रकात छापलेला वेग सर्वोत्तम सिग्नलचा असतो, आणि तिथे सेक्टरवर बहुधा एकच ग्राहक गृहीत असतो. यावर कोणी म्हणेल की सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक घराला सारखा वेळ नेमून द्या, म्हणजे कमकुवत घर बाकीच्यांना ओढणार नाही. ते करता येतं. पण मग पैसे सारखे भरूनही त्या घराला शेजाऱ्याच्या पाव वेग मिळतो. तक्रारीचा फोन तेवढा दुसऱ्या घरातून येतो.

झाड नक्की काय करतं, हे कोकणात जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसत असेल. तिथली घरं माडा-पोफळीत आणि आंब्याच्या कलमांत दडलेली. ५.८ गिगाहर्ट्झची तरंगलांबी साधारण ५ सेंटिमीटर, आणि आंब्याचं पान त्याहून बरंच लांब व पाण्याने भरलेलं. लहर पानापानावर विखुरते, उरलेली ऊर्जा पानातलं पाणी शोषून घेतं. अनेकजण पावसाला दोष देतात. पण या फ्रिक्वेन्सीला तासाला १०० मिलिमीटरचा मुसळधार पाऊसही किलोमीटरमागे फक्त १ डेसिबलच्या आसपास खातो. नुकसान करतात ती ओली पानं. शिवाय टॉवर डोळ्यांनी दिसणं हेही पुरेसं नसतं. २ किलोमीटरच्या लिंकला मध्यावर सुमारे ५ मीटर त्रिज्येची मोकळी जागा लागते, तिला फ्रेनेल झोन म्हणतात, आणि निदान तिचा ६० टक्के भाग तरी रिकामा हवा. टॉवर ‘दिसणारी’ कित्येक घरं प्रत्यक्षात अर्धीअधिक झाकलेली असतात.

मग कमी फ्रिक्वेन्सी वापरा, हा पुढचा आक्षेप, आणि तो अमेरिकेच्या अनुभवावर उभा आहे. तिथे ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ हा पट्टा विनापरवाना खुला असल्यामुळे झाडीतल्या घरांसाठी ग्रामीण पुरवठादारांनी तो वर्षानुवर्षं वापरला. पुढे ३.५ गिगाहर्ट्झचा सीबीआरएस पट्टाही २०२० पासून पूर्णपणे खुला झाला. पण तो पुरावा जसाच्या तसा इथे आणता येत नाही. आपल्याकडे ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झवर मोबाइल फोन टॉवरशी बोलतात, तेव्हा ९०० चा अमेरिकी रेडिओ इथे लावणं म्हणजे मोबाइल टॉवरच्या कानात ओरडणं, आणि ते बेकायदाही आहे. आपल्या हाती प्रामुख्याने ५ गिगाहर्ट्झ आहे, आणि त्याचा बराच मोठा भाग २०१८ च्या ऑक्टोबरात परवानामुक्त झाला. आयआयटी मुंबईने पालघर जिल्ह्यात टीव्हीच्या रिकाम्या पट्ट्यात गावं जोडून दाखवली, आणि तो प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. पण तो पट्टा आणि त्यावरची उपकरणं लहान पुरवठादाराला बाजारात जाऊन घेता येत नाहीत. आणि कमी फ्रिक्वेन्सी म्हणजे काही जादू नाही. तिचा फ्रेनेल झोन आणखी रुंद (९०० ला त्याच २ किलोमीटरवर जवळपास १३ मीटर), अँटेना मोठा, पट्टा अरुंद, आणि आपला सिग्नल जितका लांब जातो तितकाच दुसऱ्याचा गोंगाटही लांबून येतो.

सर्वांत वजनदार आक्षेप नव्या उपकरणांचा. कॅलिफोर्नियातल्या तराना वायरलेससारख्या कंपन्यांनी अनेक अँटेना एकत्र चालवून भिंतींवरून परतणारे प्रतिध्वनी गोळा करायचे आणि गोंगाटाच्या दिशेने कान बंद करायचे, असं तंत्र विकलं आहे. ते काम करतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ते कशावर काम करतं हे पाहावं लागतं. काँक्रीटच्या इमारती असलेल्या शहराच्या कडेला प्रतिध्वनी भरपूर असतात. ऊर्जा वाट बदलून येते, आणि हुशार रेडिओ ती वेचतो. आमराईत मात्र ऊर्जेचा मोठा वाटा पानात उष्णता होऊन संपलेला असतो. जे आलंच नाही ते गोळा कसं करणार? त्यात टॉवरवरचा रेडिओ महाग. तो खर्च शे-दोनशे घरांवर वाटला तर परवडतो, पंचवीस घरांच्या वाडीवर नाही. म्हणून ‘टॉवर दिसला नाही तरी चालेल’ हे वाक्य ऐकलं की मी आधी विचारतो, कशामुळे दिसत नाही? भिंतीमुळे, डोंगरामुळे की झाडामुळे? या तिघांना एका नावाखाली कोंबणं हीच विक्रीची सोय आहे.

शेवटचा युक्तिवाद माणुसकीचा: दुसरं काहीच मिळत नसेल तर अर्धंमुर्धं इंटरनेटही बरं नाही का? त्या घरापुरतं बरंच आहे. पण त्याची किंमत ज्या वीस शेजाऱ्यांकडून वसूल होते त्यांना कोणी विचारलेलं नसतं. शिवाय शंभर मीटरवरच्या शाळेच्या गच्चीवर किंवा पाण्याच्या टाकीवर एक लहान रिले आणि सौर पॅनेल बसवलं तर तीच दहा घरं अनेकदा पूर्ण वेगाने जोडता येतात. हा पर्याय माहितीपत्रकात नसतो, कारण त्यात महागडं काही विकलं जात नाही.

त्यामुळे माझ्या चाचणीत सोपी घरं नसतात. उपकरण सर्वांत वाईट घरांवर लावायचं, सेक्टरवर खरेखुरे ग्राहक ठेवायचे, रात्री आठ ते अकरा मोजायचं, डाउनलोडसोबत अपलोड, विलंब आणि हरवलेली पाकिटं लिहायची, आणि दर तासाला प्रत्येक घर कोणत्या क्वामवर आहे याची नोंद ठेवायची. विक्रेते नमुन्याचा संच आनंदाने देतात, पण बहुधा मार्च-एप्रिलमध्ये. तेव्हा विदर्भातला साग निष्पर्ण असतो आणि कोकणातली पानं कोरडी. मी तो श्रावणात मागतो, आणि तेव्हा तो मिळायला थोडा उशीर होतो.